कमी फी आणि स्पर्धेतला दम: बेळगावच्या फर्मचा हिशेब

"आपल्याकडचे सीए, टॅक्सवाले, डिझाइनवाले बेंगळूरपेक्षा कमी घेतात, म्हणजे आपण स्पर्धेत पुढे." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असं बोलणं कानावर पडतं. कमी घेतात हे खरं, पण ती झाली किंमत. दम कळतो तो फी वाढवल्यावर गिऱ्हाईक टिकतं का आणि गावाबाहेरचं काम येतं का, यावरून.

किंमत बरीचशी जागाच ठरवते. टिळकवाडीत भाडं कमी, पगार कमी, म्हणून फी कमी. यात फर्मचं कर्तृत्व थोडंच, कारण शेजारचाही उद्या तेवढ्यातच करून देईल. बेंगळूरची फर्म महाग असूनही चालते, कारण कंपन्यांची मुख्यालयं तिथं आहेत. ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच गटातल्या देशी-परदेशी कंपन्यांनी आपसात लावलेली किंमत करासाठी तपासणं) अशा एकाच विषयात मुरलेल्या माणसाला तिथं वर्षभर पुरेल एवढं काम मिळतं. बेळगावात त्यालाच रिटर्न भरत बसावं लागेल.

बेळगावच्या फर्मचा खरा दम मला सीमेवर दिसतो. फाउंड्रीतलं कास्टिंग (ओतीव भाग) मशीनिंगला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, म्हणजे महाराष्ट्रात, जातं तेव्हाचं बघा. जीएसटीत माल जॉबवर्कला (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) दुसऱ्या राज्यात चालला की किंमत कितीही किरकोळ असो, ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद, लागतंच. माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर बसतो. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर अशा साचे-साधनांना मात्र ही मुदत नाही. त्याच मालकाचं कोल्हापुरात युनिट असेल तर पगारपत्रकही वेगळं होतं. कर्नाटकात महिन्याचा पगार 25,000 च्या आत असेल तर प्रोफेशनल टॅक्स नाही. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला तो 7,500 च्या पुढे लागू होतो, बाईला 25,000 पर्यंत माफ.

हे रोज हाताळणारा आपला सल्लागार कन्नडमधली नोटीस वाचतो, मालकाला मराठीत समजावतो आणि कोल्हापूरच्या जॉबवर्करशी माल पाठवल्याच्या चलनाचा मेळही घालतो. बेंगळूरच्या फर्मला हे बसल्या जागी जमायचं नाही, आणि पुण्याच्या फर्मची गाडी कन्नडला अडते.

मला खटकतं ते हे, की एवढं काम महिन्याच्या रिटर्नच्या फीतच धरलं जातं. दोन राज्यांच्या कामाची फी वेगळी लावायला हवी. ती नसली की पगार वाढत नाहीत, आणि हे काम शिकून तयार झालेली पोरं पुणे-बेंगळूरची वाट धरतात.