पोर्ट की ड्राय रेड? स्वस्त बाटलीतली गफलत

बेळगावात वाईन शॉपवर "स्वस्तातली रेड वाईन द्या" म्हटलं की बरेचदा पोर्ट पुढ्यात येते. रंग तांबडा, लेबलावर द्राक्षाचा घड, भाव शेजारच्या शिराझसारख्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, रेडपेक्षा बराच कमी. घरी मटणाबरोबर पहिला घोट घेतला की तोंड वाकडं होतं: हे तर सरबत! बाटली खराब नसते, वस्तूच वेगळी असते: पोर्ट ही गोड वाईन.

खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरु खोऱ्यातली. रस आंबत असतानाच मध्येच त्यात सुमारे 77 टक्के तीव्रतेचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं. आपल्याकडची स्वस्त 'पोर्ट' अशीच बनते असं नाही. बरेचदा ती बंगलोर ब्लूसारख्या द्राक्षाची गोड तांबडी वाईन असते. त्या द्राक्षाचा वास ओळखीचा, थेट जांभळ्या द्राक्षाच्या रसाचा. त्यामुळे नावावर जाऊ नका, अल्कोहोलची टक्केवारी लेबलावर वाचा.

ड्राय रेडमध्ये जवळजवळ सगळी साखर आंबून जाते. साधारण मोजमाप म्हणजे लिटरला 4 ग्रॅम किंवा कमी, अल्कोहोल बहुधा 12 ते 14 टक्के. काळ्या द्राक्षाच्या साली रसात मुरवतात, त्यातून रंग आणि टॅनिन येतं. टॅनिन म्हणजे सुपारी चघळल्यावर जीभ आवळते तो तुरटपणा. नवखा माणूस त्यालाच 'खराब' म्हणतो आणि पुढच्या वेळी परत पोर्ट घेतो.

साखरेचा हिशेब बघा. लिटरला 80 ग्रॅम साखर असलेल्या गोड वाईनच्या 750 मिलीच्या बाटलीत 60 ग्रॅम साखर जाते, म्हणजे चहाचे 12 चमचे. 'रक्त वाढतं' म्हणून म्हाताऱ्या माणसांना रोज घोटभर पोर्ट देणाऱ्या घरांनी, त्यातही मधुमेह असेल तर, हा आकडा ध्यानात ठेवावा. रक्त वाढवण्याइतकं लोह तिच्यात नसतं.

आता पैसे वसूल होणारी ड्राय रेड कशी ओळखायची? लेबलावर 'ड्राय' हा शब्द आणि द्राक्षाचं नाव हवं: शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों. नुसतं 'रेड वाईन' लिहिलं असेल तर आत काय आहे ते कळत नाही. मग तोडणीचं वर्ष. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. स्वस्त रेड जुनी होऊन सुधारत नाही, त्यामुळे तोडणीपासून दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या. 'जुनी आहे, भारी आहे' हे दुकानदाराचं गणित महागड्या बाटल्यांना लागू. दुकानात सवलतीत काढलेली बाटली असेल तर आधी हेच वर्ष बघा, कारण न खपलेला माल असाच निघतो. कॉर्क वर आलेला किंवा बुचापाशी चिकट ओघळ दिसला तर बाटली तापलेली आहे. उन्हाच्या शोकेसमधली तर नकोच. स्क्रू कॅपला नाक मुरडू नका. बाटली जड किंवा बुडाशी खोल खळगा, यानं वाईन चांगली ठरत नाही. एमएसआयएल या कर्नाटकच्या सरकारी कंपनीच्या दुकानात दर एमआरपीचाच, तेव्हा घासाघीस करण्यापेक्षा वर्ष बघण्यात फायदा.

परदेशी बाटलीच्या किमतीत आयात शुल्क मोठं असतं. म्हणून तेवढ्याच पैशात देशी शिराझमध्ये वाईनचा वाटा जास्त मिळतो. एक मात्र सांगायला हवं: अथणी, विजयपूरकडची बहुतेक द्राक्षं खायची आणि बेदाण्याची. ती गोड म्हणून त्यांची रेड चांगली, असं होत नाही.

जेवताना तांबड्या रश्श्यासोबत तुरट कॅबर्ने नको. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चढवतात. कमी तुरट शिराझ फ्रीजमध्ये थोडी गार करून द्या, 16 ते 18 अंशांवर आली की पुरे. पोर्ट जेवणानंतर, थंड, छोट्या पेल्यात. कुंद्यासोबत ती खरंच शोभते.

गोव्यातून स्वस्तात आणायचा विचार असेल तर लेबलावर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं ते बघा. परवान्याशिवाय सीमा ओलांडली की अबकारीचा प्रश्न उभा राहतो, आणि चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीला नाका आहे.

उघडलेली ड्राय रेड बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. नंतर आंबट लागली तर मटण मुरवायला वापरा. पोर्ट मात्र त्यात घालू नका, रस्सा गोड होतो.