मॉरिशस पोलीस दल

हिंदी महासागरातल्या मॉरिशस या बेटदेशाचं राष्ट्रीय पोलीस दल. या देशाला नियमित सैन्य नाही, आरमार नाही, हवाई दलही नाही, त्यामुळे जे काम दुसरीकडे या तिघांत वाटलेलं असतं ते इथे सगळं एकाच पोलीस कमिशनरच्या हाताखाली येतं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आणि दलात माणसं साधारण बारा हजार. मुख्यालय राजधानी पोर्ट लुईत, लाइन बॅरॅक्समध्ये. या बराकी फ्रेंच काळातल्या, बहुधा अठराव्या शतकाच्या मधल्या, आणि लोक त्यांना अजून ‘कासेर्न’च म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये बराकी.

दलाची सुरुवात कुठून धरायची यावर दोन मतं आहेत. एक मत फ्रेंच राजवटीतल्या पोलीस व्यवस्थेपर्यंत मागे जातं, दुसरं १८१० ला ब्रिटिशांनी बेट घेतलं तिथून मोजतं. फ्रेंच कायद्याचा वारसा खरा आहे, पण आजच्या दलाची घडण समजायची तर ब्रिटिश काळ आणि त्यातही गिरमिटियांचा, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांचा, काळ बघावा लागतो. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर भारतातून मजूर आणले गेले, बिहारकडचे, मद्रासकडचे आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातलेही. करार संपलेल्या मजुराला १८६७ च्या कायद्याने फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगायची सक्ती झाली आणि तो नसला की भटक्या ठरवून सरळ अटक. अशा अटकेसाठी पोलीस चक्क मोहिमा काढायचे. १८७१ मध्ये मजुरांची बाजू घेणाऱ्या आदोल्फ द प्लेवित्झने ९,४०१ मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यानंतर रॉयल कमिशन, म्हणजे ब्रिटिश सरकारचं चौकशी मंडळ, आलं आणि १८७५ च्या अहवालात पोलिसांवर कडक ताशेरे आले. या तिकिटांचे फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेत. छातीवर नंबर, कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर, आणि त्याच फोटोंवरून आज कुणी आपल्या पणजोबांचं गाव शोधत असतं.

सैन्य का नाही याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. डिसेंबर १९४३ मध्ये मादागास्करला पाठवलेल्या मॉरिशस रेजिमेंटच्या बटालियनने बंड केलं, ती रेजिमेंट पुढे मोडली आणि बेटावर किंग्ज आफ्रिकन रायफल्स या ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकी पलटणीची तुकडी आली. ती १९६० मध्ये निघाली तेव्हा तिच्या जागी स्पेशल मोबाइल फोर्स, म्हणजे एसएमएफ, उभी केली, तळ वाक्वा इथे. हिला पोलीस म्हणायचं की सैन्य? गणवेश, कवायत, शस्त्रं सगळं लष्करी थाटाचं, म्हणून काही अभ्यासक हिला नावापुरतं पोलीस मानतात. पण जवान पोलीस दलाचेच असतात, पोलिसातून तिथे आणि तिथून परत पोलीस ठाण्यात बदल्या होतात, आणि हुकूम कमिशनरचाच चालतो, तेव्हा निमलष्करी पोलीस हेच वर्णन जास्त बरोबर वाटतं. अर्थात १९६५ आणि १९६८ च्या दंगलींत ही फोर्स असतानाही बाहेरून ब्रिटिश सैनिक आणावे लागले होते.

सगळी ताकद एका माणसाकडे, म्हणून त्याच्यावर ताबा कुणाचा हा खरा प्रश्न. १९६८ च्या संविधानाचं कलम ७१ सांगतं की सार्वजनिक सुरक्षा आणि सुव्यवस्थेबाबत पंतप्रधान धोरणाचे सर्वसाधारण आदेश देऊ शकतो, पण दल प्रत्यक्षात कसं वापरायचं यात कमिशनरवर कुणाचाच हुकूम चालत नाही. नेमणूक शिस्तबद्ध दलांचा सेवा आयोग करतो, पंतप्रधानांशी सल्लामसलत करून. रोजच्या कारभारासाठी १९७४ चा पोलीस कायदा आहे. जमिनीवर भागवार डिव्हिजन, मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाला स्वतंत्र, शिवाय गुन्हे तपास, अमली पदार्थविरोधी, वाहतूक, पासपोर्ट अशा शाखा.

याच दलातला कोस्ट गार्ड १९८७ मधला, हेलिकॉप्टर स्क्वॉड्रन १९७४ मधलं, आणि दोन्हींवर भारतीय नौदल-हवाई दलाचे अधिकारी डेप्युटेशनवर येत आलेत. बाराकुडा हे गस्ती जहाज कोलकात्यात बांधलं, व्हिक्टरी आणि व्हॅलियंट या वेगवान गस्ती बोटी वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये. जमीन जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटर आणि राखायचा समुद्र तेवीस लाख, त्यामुळे ही शाखा अपुरीच पडते. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ जहाज पॉइंत देस्नीजवळ प्रवाळावर चढलं आणि तेल सांडलं, तेव्हा जहाज किनाऱ्याकडे येत असताना कोस्ट गार्डने काय केलं, यावरून देशात प्रचंड टीका झाली. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, विसर्जनाला किनाऱ्यावर याच पोलिसांचा बंदोबस्त असतो.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र वाट मात्र फार उशिरा उघडली. फेब्रुवारी १९९९ मध्ये गायक काया लाइन बॅरॅक्सच्या ‘अल्काट्राझ’ कोठडीत मृत सापडला आणि देशभर दंगल पेटली. स्वतंत्र पोलीस तक्रार आयोगाचा कायदा त्यानंतर सतरा वर्षांनी, २०१६ मध्ये झाला.