पार्श्वभूमी : साचे तीन, आकडा एकट्याचा

अप्रेझलच्या महिन्यात प्रत्येकाची कामगिरी एका रेटिंगमध्ये बसवली जाते. पण तो आकडा माणसाच्या कामाचा की त्याला मिळालेल्या यंत्राचा, मालाचा आणि साहेबाचा, हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरने कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्टॉपवॉच लावलं. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या लष्करी शस्त्रागारातल्या ओतकामगारांनी त्या घड्याळाविरुद्ध काम बंद केलं. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं आणि १९१५ मध्ये शस्त्रागारांतल्या स्टॉपवॉचचा सरकारी पैसाच तोडण्यात आला.

मुंबईच्या गिरण्यांत मस्टर होतं, पण सूत्रं जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे. भरती तोच करायचा, खाडा झालेल्याच्या जागी बदली तोच लावायचा आणि त्यासाठी हातही ओले करून घ्यायचा. कोण चांगला कामगार, हे त्याच्या मर्जीवर. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि ‘लेबर गॅझेट’मधून मजुरी, संप, गैरहजेरी यांचे आकडे छापून येऊ लागले. जॉबरच्या तोंडी हिशेबाला पहिल्यांदाच छापील पर्याय मिळाला.

त्याच दशकात जपानी कापडाने मालकांना घाम फोडला. ससून गटाच्या गिरण्यांनी ‘एफिशियन्सी’ आणली : विणकराने दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवायचे. कागदावर दरडोई उत्पादन वाढतं, हे खरंच. कामगारांचं म्हणणं साधं होतं : सूत हलकं असलं की धागा सारखा तुटतो, तो जोडण्यात वेळ जातो, मग साचा थांबल्याचा दोष विणकराच्या नावावर का? १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव संपाने बंद राहिलं. त्यानंतरच्या फॉसेट समितीने मजुरीचे दर आणि कामाचा बोजा यांचा काथ्याकूट केला. जे गणित साचे वाढवण्याआधी मांडायला हवं होतं, ते सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर मांडलं गेलं. १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आली, तीही जॉबरचा हात आखडण्यासाठीच.

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये वेगळं उत्तर सापडलं. तिथे स्वयंचलित माग आणूनही अपेक्षेइतकं कापड निघेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. २२४ मागांवर २९ कामगार, पण कामं १२ प्रकारची; ठरावीक मागांची जबाबदारी अशी कुणाचीच नव्हती. कामगारांनी स्वतः गट बांधले, प्रत्येक गटाने आपले माग वाटून घेतले. कार्यक्षमता वाढली, खराब कापड घटलं. माणसं तीच, माग तेच.

पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी दरवर्षी तळाचे दहा टक्के लोक काढण्याचा पायंडा पाडला. बेल कर्व्हचं, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरची-खालची रेटिंग द्यायचीच, हे खूळ आपल्याकडच्या आयटी कंपन्यांनीही उचललं. मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडली. गूगलने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या अभ्यासात हेच अप्रेझलचे कागद उलटे वाचले आणि मोजला तो मॅनेजर. चांगल्या मॅनेजरच्या आठ गुणांत तांत्रिक ज्ञान शेवटचं निघालं. इंजिनिअरांच्या कंपनीत हे पचायला जडच गेलं असणार.

आता लॉगिनची वेळ, कीबोर्डची हालचाल, नोकरी सोडून जाण्याची शक्यता, सगळंच नोंदवता येतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सातवं कलम नोकरीच्या कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायला मुभा देतं. तिसरा साचा द्यायच्या आधी १९२८ मध्येही कुणी विचारलं नव्हतं. पण तेव्हा निदान साचा डोळ्यांना दिसत होता.