ग्राम सुरक्षा दल आणि ग्रामरक्षक दल: एकाचे काम गस्तीचे, दुसऱ्याचे दारूचे

ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘ग्रामरक्षक दल स्थापन करण्यात आले’ अशी नोंद असते. खाली वीस तरुणांची नावे असतात आणि ती पोरं प्रत्यक्षात रात्री बॅटरी घेऊन गस्त घालतात. शेजारच्या गावात उलटाच प्रकार: महिला ‘ग्राम सुरक्षा दला’च्या नावाने हातभट्टीविरुद्ध अर्ज देतात. दोन्ही अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात आणि सहा महिन्यांनी ‘काहीच कारवाई होत नाही’ म्हणून गाव हात झटकते. नावे जुळ्या भावांसारखी असली तरी दोन्हींचा कायदा वेगळा आणि कार्यालय वेगळे. दलात माणसे कशी घ्यायची आणि अंगाशी काय येऊ शकते, हेही वेगळे.

ग्राम सुरक्षा दल हे चोरी-दरोड्याविरुद्ध आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ६३-ब नुसार गावातील माणसे आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी पोलीस अधीक्षक स्वयंसेवकांचे दल उभारू शकतात. बहुतेक ठिकाणी ठाण्याचे प्रभारी अधिकारी गावात बैठक घेतात, यादी करतात, ओळखपत्रे वाटतात आणि गस्त सुरू होते.

ग्रामरक्षक दल हे दारूसाठी आहे. त्याचा आधार महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील कलम १३४-अ. अण्णा हजारे यांनी ही मागणी लावून धरली होती आणि त्याचे नियम २०१७ मध्ये आले. हे दल ठाण्याने घेतलेल्या बैठकीत होत नाही. त्याला मतदारांची लेखी मागणी लागते, ग्रामसभेचा ठराव लागतो आणि उपविभागीय अधिकाऱ्यांचा, म्हणजे प्रांतांचा, आदेश लागतो. किमान ११ सभासद आणि त्यांत ३३ टक्के महिला, ही त्याची चौकट.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट. १९५१ चा पोलीस कायदा मूळचा मुंबई राज्याचा, त्यामुळे तो गुजरातकडेही गेला. तिथे याच ६३-ब खालच्या गस्तीच्या दलाला ‘ग्राम रक्षक दल’ म्हणतात. इंटरनेटवरून उचललेला नमुना-अर्ज तिकडचा असेल तर आपल्या तहसील कार्यालयात त्याला कोणी विचारणार नाही. शिवाय ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ नावाचे तिसरेच काही ऐकू येते. ते दल नव्हे, फोनची सोय आहे: एका कॉलवर नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांचे मोबाइल एकदम वाजतात. गस्तीला ती पूरक आहे, पण नोंदणी झाली म्हणजे दल झाले असे नाही.

पोलीस पाटील दोन्हीकडे दिसतो, म्हणून तोच दलप्रमुख असे गृहीत धरले जाते. त्याचे पद महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ चे. गावातल्या गुन्ह्यांची आणि शांततेची खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देणे, पोलिसांना मदत करणे, गुन्हा होऊ नये म्हणून प्रयत्न करणे ही त्याची कर्तव्ये कलम ६ मध्ये आहेत. दल असले-नसले तरी ती त्याच्यावर आहेतच. त्याला दुवा ठेवावे, पण पाळ्या लावण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. एकाच माणसावर सगळे टाकले की तो आजारी पडला त्या आठवड्यात गस्त बंद.

गस्तीचे गणित

दल उभे राहते ते चोरीनंतरच्या संतापात आणि मोडते ते झोपेमुळे. म्हणून पहिल्या बैठकीत भाषणांपेक्षा हिशेब महत्त्वाचा. एका रात्री चौघे म्हणजे दोन जोड्या. एक जोडी फिरते, दुसरी पारावर किंवा एसटी थांब्यावर बसते, तासाने अदलाबदल. प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदाच यावी असे वाटत असेल तर २८ माणसे लागतात. लग्न, आजारपण, बाहेरगाव यासाठी वर पाच-सहा राखीव. वीसच नावे असतील तर रोजच्या गस्तीचा आग्रह सोडावा. चोरी झाल्यानंतरचे पाच-सहा आठवडे आणि पीक निघून माल घरात किंवा खळ्यावर असतो तो काळ, एवढेच धरावे. वर्षभर रोज गस्त घालू म्हणणारी दले दुसऱ्या महिन्यातच गळतात.

वेळ साधारण रात्री ११ ते पहाटे ४. फिरण्याचा क्रम मात्र रोज बदलावा. बाराच्या ठोक्याला देवळाजवळ आणि एकला शाळेजवळ असे ठरून गेले, की पाळत ठेवणाऱ्याला तेच वेळापत्रक मिळते. गावठाणातले रस्ते पोरं आवडीने फिरतात, पण चोरी होते ती बऱ्याचदा शिवारात: विहिरीवरच्या मोटारी, केबल, डीपीतले तांबे आणि ऑइल, गोठ्यातल्या शेळ्या. मळ्यातल्या वस्त्यांपर्यंत दर फेरीला चालत जाणे शक्य नसते. तिथे शेतकऱ्यांचाच उपयोग करून घ्यावा. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला असते, त्या आठवड्यात निम्मे गाव पाणी भरायला रानात जागेच असते. कोणत्या रात्री कोण दाऱ्यावर आहे, याची यादी संध्याकाळी गस्तीवाल्यांकडे असावी. याचा दुसरा फायदा जास्त मोठा: आपलाच माणूस चोर समजून घेरला जात नाही. बॅटरीची खूण ठरवून ठेवावी, दोनदा उघडझाप म्हणजे ‘आपला’.

सामान थोडेच लागते: चांगल्या बॅटऱ्या, शिट्ट्या, चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटे, काठी आणि एक वही. कोयता, तलवार, बंदूक नको, परवान्याची असली तरी नको. उसाच्या पट्ट्यात काठी आणि शिट्टी बिबट्यासाठीही लागते. तिथे एकट्याने फिरू नये, मोबाइलवर आवाज चालू ठेवावा आणि बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ वर कळवावे.

वही हा या सगळ्याचा कणा, आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही. तारीख, चौघांच्या सह्या, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, दिसलेली अनोळखी गाडी: क्रमांक, रंग, कुठून कुठे, किती वाजता. एखाद्या रात्री काहीच घडले नाही, तर तसेही लिहावे. बीट अंमलदाराने आठवड्यातून एकदा त्या वहीवर सही करावी, असे पहिल्याच बैठकीत ठाण्याकडून कबूल करून घ्यावे. त्या सहीमुळे गस्तीला ठाण्याच्या दप्तरात अस्तित्व मिळते. पुढे एखाद्या सभासदावर खोटी तक्रार झाली, तर तो त्या रात्री कुठे होता हे दाखवणारा कागद तोच.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला संदेश टाकता येईल अशी सोय ठेवावी. कुलूपबंद घरांची यादी ग्रुपवर कधीही टाकू नये. कोण चार दिवस यात्रेला गेले आहे, हे दोनशे जणांना कळवणे म्हणजे चोराला आवतण. ती यादी वहीच्या मागच्या पानावर, पाळीवाल्यांपुरती. आणि ११२ ला फोन करताना नुसते ‘वडगावहून बोलतोय’ म्हणू नये. वडगाव, पिंपळगाव गल्लोगल्ली आहेत. तालुका, जिल्हा, जवळची खूण आणि गाडी कोणत्या बाजूने आत येईल, हे क्रमाने सांगावे.

पकडल्यावर काय, हा खरा प्रश्न

गस्तीचा सर्वांत मोठा धोका चोराकडून नसतो, अफवेकडून असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे, चोरांच्या अफवा फिरत असताना, दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव गेला, तोही पोलिसांसमोर. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि बीड जिल्ह्यांतली गावे रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या धास्तीने जागत होती. अशा रात्री रस्त्यावरून जाणारा मेंढपाळ, ऊसतोड टोळीची गाडी, वाट चुकलेला कुरिअरवाला, कोणीही संशयित ठरतो.

कायदा इथे पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम ४० नुसार कोणाही नागरिकाला दुसऱ्याला धरता येते, पण त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडत असेल किंवा समोरचा उद्घोषित, म्हणजे न्यायालयाने फरार जाहीर केलेला, गुन्हेगार असेल तरच. धरल्यावर विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. ‘संशयास्पद फिरत होता’ यात बसत नाही. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव झाला, की समान उद्देशाने घडलेल्या गुन्ह्याला प्रत्येक जण जबाबदार (भारतीय न्याय संहिता, कलम १९०). फटका कोणाचा होता, हा बचाव तिथे चालत नाही.

म्हणून गस्तीचा नियम साधा ठेवावा: प्रकाश टाका, नाव-गाव विचारा, गाडीचा क्रमांक लिहा, शंका असेल तर ११२. ओळखपत्र गळ्यात असले तरी गाड्या अडवणे, पिशव्या उघडणे, आधार कार्ड मागणे नको. कोणी पकडला गेलाच तर त्याला ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडू नये, खांबाला बांधू नये, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नये. पोलीस येईपर्यंत भोवती चार शांत माणसे ठेवावीत आणि बाकीची गर्दी घरी पाठवावी. हे चौघे कोण, ते आधीच ठरलेले असावे. ऐन वेळी शांत माणसे सापडत नाहीत. भटक्या समाजाचे पाल गावाजवळ पडले तर पोलीस पाटलाने दिवसाउजेडी भेटून नावे लिहून घ्यावीत आणि गस्तीवाल्यांना सांगावे. निम्म्या अफवा तिथेच मरतात.

दलात सगळ्या वस्त्यांची माणसे हवीत. एकाच भावकीची वीस पोरं असतील तर पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत ते दल नसते, एका पार्टीची फौज असते.

दारूचे काम वेगळे का

गस्तीत समोरचा अनोळखी असतो, त्यामुळे सगळे गाव एका बाजूला उभे राहते. दारूत समोरचा शेजारी असतो. गिऱ्हाईकही गावातले, कधी दलातल्याच कोणाचा भाऊ. म्हणून ग्रामरक्षक दलाला ग्रामसभेचा ठराव आणि प्रांतांचा आदेश लागतो, आणि तो लागावाच. आदेशाशिवाय काम करणारी महिला विक्रेत्याच्या दृष्टीने ‘भांडखोर बाई’ ठरते. आदेश हातात असला की ती कायद्याने नेमलेली सभासद असते.

या दलाचे काम माहिती देणे आणि साक्ष देणे. धाड घालणे पोलिसांचे आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचे. हंडे फोडतानाचे फोटो वर्तमानपत्रात छान दिसतात, पण फोडलेला हंडा हा नष्ट केलेला पुरावा असतो आणि वर नुकसानीची उलट तक्रार येते. त्यापेक्षा माहिती नेमकी द्यावी. हातभट्टीला पाणी लागते, म्हणून ती ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ असते. रसायनाची पिंपे बरेचदा जमिनीत पुरलेली असतात. कोणाची जागा, कोणत्या वेळी भट्टी लागते, माल कशातून जातो, विक्री कुठल्या खिडकीतून होते, हे लेखी देऊन पोच घ्यावी. नाव उघड होण्याची भीती असेल, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम १३१ लक्षात ठेवावे: गुन्ह्याची माहिती कोणाकडून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही.

धाडीच्या वेळी पंच, म्हणजे झडती-जप्तीचे साक्षीदार, लागतात आणि खटला पडतो तो बहुधा तिथेच. पंच फितूर होतो किंवा ‘सही ठाण्यात घेतली’ म्हणतो. पंच म्हणून जाणाऱ्याने नमुन्याच्या बाटल्या आपल्यासमोर सीलबंद झाल्या का, त्यावरच्या कागदावर आपली सही आहे का, हे पाहावे. झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार सक्तीचे आहे. ते सुरू आहे का, हे विचारायला लाजू नये.

एका धाडीने विक्री थांबत नाही. आरोपी जामिनावर येतो आणि आठवड्यात पुन्हा सुरू होतो. दले हताश होतात ती याच टप्प्यावर, आणि उपाय याच्या पुढचा आहे. प्रत्येक विक्रेत्याच्या नावापुढे गुन्हा क्रमांक आणि तारीख लिहीत जावे. वारंवार गुन्हे दाखवता आले, तर दारूबंदी अधिनियमाच्या कलम ९३ नुसार चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राचा प्रस्ताव करा, असे ठाण्याला लेखी म्हणता येते. बंधपत्र मोडले की रक्कम वसूल होऊ शकते. सराईत हातभट्टीवाल्यासाठी १९८१ चा धोकादायक कृत्यांना आळा घालणारा एमपीडीए कायदा आहे, त्यात स्थानबद्धता होते. दोन्ही प्रस्ताव जुन्या गुन्ह्यांच्या यादीवरच उभे राहतात, आणि ती यादी दलाकडे तयार असेल तर ठाण्याला टाळाटाळ करणे जड जाते.

परवानाधारक दुकान बंद करणे ग्रामरक्षक दलाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी २००८ च्या आदेशानुसारचे ‘आडवी बाटली’चे मतदान: २५ टक्के महिला मतदारांची किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांची मागणी, आणि मग निम्म्यांहून अधिक मते बंदीच्या बाजूने.

दोन्ही दले एकत्र करावीत का, हा प्रश्न ग्रामसभेत येतोच. करू नयेत. रात्री गस्त घालणारी पोरं दिवसा हातभट्टीची खबर देतात असा नुसता संशय आला, तरी निम्मे सभासद गस्तीला येणे बंद करतील. सभासद शक्यतो वेगळे, वही वेगळी, ठराव वेगळा. ज्या गावात आधीच सरमिसळ झाली आहे, तिथे पुढच्या ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव घ्यावा: गस्तीच्या यादीला ‘ग्राम सुरक्षा दल’ असे नाव देऊन ती पोलीस ठाण्याकडे पाठवावी, आणि दारूसाठी मतदारांच्या मागणीपासून नव्याने सुरुवात करून प्रस्ताव तहसीलमार्फत प्रांतांकडे न्यावा. दोन्हींच्या प्रती ग्रामपंचायतीच्या दप्तरात वेगवेगळ्या फायलींत ठेवाव्यात.