रकमेच्या वादाने बँकेचा दिवाळखोरीचा अर्ज फेटाळला जातो का?
कर्जाच्या रकमेबद्दल वाद दाखवला की बँकेचा अर्ज फेटाळला जातो, हा कंपनीचालकांमधील समज चुकीचा आणि घातक आहे. आधीपासूनच्या वादाचा बचाव भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत माल वा सेवा पुरवणाऱ्यांच्या, म्हणजे कलम ९ च्या अर्जापुरता आहे. बँक कलम ७ खाली येते, आणि तेथे किमान १ कोटी रुपयांची थकबाकी सिद्ध झाल्यावर व्याजाच्या आकारणीवरील तक्रार सहसा टिकत नाही. विरोध मात्र व्यर्थ नसतो. सर्वप्रथम थकबाकीची तारीख तपासावी: तिला ३ वर्षे उलटली असतील तर अर्ज मुदतबाह्य ठरू शकतो, परंतु मुदतीच्या आत सही झालेल्या ताळेबंदात तेच कर्ज स्पष्टपणे मान्य केलेले असल्यास मुदत नव्याने मोजली जाते. २५ मार्च २०२० पासूनच्या एका वर्षातील थकबाकीवर तर कलम १०अ मुळे अर्जच करता येत नाही.