प्रत्यार्पणाच्या चौकशीत निर्दोषत्वाचा पुरावा: कुठे चालतो, कुठे अडतो

घरच्या माणसाचा ताबा परदेशाने मागितला की नातेवाईक कागदांचा गठ्ठा घेऊन वकिलाकडे धावतात. त्यातले बरेचसे कागद कोर्ट बाजूला ठेवतं. कारण प्रत्यार्पण कायदा, 1962 खालची चौकशी म्हणजे खटला नव्हे.

विनंती आली की केंद्र सरकार दंडाधिकाऱ्यांना चौकशीचा आदेश देऊ शकतं. कलम 7 प्रमाणे मुख्य प्रश्न एवढाच: सकृद्दर्शनी गुन्हा दिसतो का? नसेल तर सुटका. (ज्या देशांशी असलेल्या करारामुळे या कायद्याचं प्रकरण 3 लागू केलेलं आहे, त्यांच्यासाठी एवढंही पाहत नाहीत, वॉरंट प्रमाणित आहे का आणि गुन्हा प्रत्यार्पणयोग्य आहे का, इतकंच.) परदेशातून आलेले प्रमाणित जबाब कलम 10 मुळे पुरावा म्हणून चालतात.

बचावालाही पुरावा देता येतो. गुन्हा राजकीय आहे किंवा प्रत्यार्पणात बसत नाही, हे मुद्दे कायद्यातच लिहिलेले आहेत. ‘मागितलेला माणूस हा नव्हेच’ हाही दमदार बचाव. पण ‘साक्षीदार खोटं बोलतोय’ म्हणाल, तर उत्तर बहुधा ठरलेलं: ते तिकडच्या खटल्यात सांगा.

अमेरिकेत हा नियम पक्का करणाऱ्या निकालांपैकी एक मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईत लबाडीने माल मिळवल्याचा आरोप असलेल्या कॉलिन्सच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1922 मध्ये ठरवलं, की आरोपाचं स्पष्टीकरण देणारा पुरावा घेता येतो, आरोप खोडणारा बचाव मात्र नाकारता येतो. तहव्वुर राणाचं उदाहरण तर ताजं. मुंबई हल्ल्याच्या कटाला मदत केल्याच्या आरोपातून शिकागोत 2011 मध्ये निर्दोष सुटूनही तो एप्रिल 2025 मध्ये भारताच्या ताब्यात आला. तिथल्या कोर्टांनी दोन्हीकडच्या गुन्ह्यांचे घटक ताडून पाहिले आणि ते वेगळे ठरवले, म्हणून आधीची निर्दोष सुटका आड आली नाही.

भारतातल्या चौकशीसाठी जवळ हवेत: चौकशी आदेशाची आणि विनंतीसोबतच्या सर्व कागदांची प्रत, पासपोर्ट, ओळख पटवणारे फोटो व बोटांचे ठसे, आधीचे निकाल, आणि त्या देशाच्या कायद्याने खटल्याची मुदत संपली असेल तर त्याचा आधार. जामिनाची सोय कलम 25 मध्ये आहे.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे लेखी निवेदन. दंडाधिकाऱ्यांनी तुरुंगात पाठवलं तरी आरोपीने दिलेलं निवेदन त्यांना अहवालासोबत केंद्राकडे धाडावंच लागतं. कोर्टाने न पाहिलेलं सगळं इथे मांडा. मागणी क्षुल्लक, वाईट हेतूची किंवा अन्यायकारक वाटली तर कलम 29 खाली केंद्र सुटका करू शकतं. तुरुंगात पाठवल्यापासून 15 दिवस हस्तांतरण होत नाही. उच्च न्यायालयात जायचं तर याच दिवसांत धावपळ करा.