झेरमाट

झेरमाट : दक्षिण स्वित्झर्लंडच्या व्हॅले कँटनमधील आल्प्स पर्वतातले गाव आणि गिर्यारोहणाचे जुने ठाणे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,६१० मी.; लोकवस्ती सहा हजारांच्या आसपास. गाव मॅटर दरीच्या अगदी वरच्या टोकाला असून येथे जर्मनची स्थानिक बोली बोलली जाते. नैर्ऋत्येस मॅटरहॉर्न (४,४७८ मी.) हे चार धारांचे सुटे शिखर उभे आहे. आग्नेयेच्या माँटे रोझा समूहातील दुफूरस्पिट्झ (४,६३४ मी.) हे देशातील सर्वांत उंच शिखर. गावाभोवती ४,००० मीटरवरची तीसहून अधिक शिखरे आहेत.

पर्यटक येण्यापूर्वी गाव गुरे, राय हे धान्य आणि थिओडुल खिंडीतून (सुमारे ३,३०० मी.) इटलीशी चालणाऱ्या ये-जा यांवर जगत होते. लार्च लाकडाची जुनी कोठारे हिंटरडॉर्फ या भागात अजून पाहायला मिळतात. प्रत्येक कोठार लाकडी खुंटांवर उचललेले असते आणि खुंट व कोठार यांच्यामध्ये सपाट गोल दगड बसवलेला असतो. उंदीर खुंटावर चढला तरी दगडाच्या बाहेर आलेल्या कडेखालून त्याला वर जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांडर झायलर यांनी येथे हॉटेलव्यवसायाचा पाया घातला. त्यांचे ‘माँटे रोझा’ हॉटेल ब्रिटिश गिर्यारोहकांचा अड्डा बनले. १८९१ मध्ये फिस्पहून रेल्वे आली आणि १८९८ मध्ये गॉर्नरग्राटची (३,०८९ मी.) विजेवर चालणारी दातेरी रेल्वे सुरू झाली. पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना गावात बंदी आहे. गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवून पुढे रेल्वेने किंवा टॅक्सीने यावे लागते.

मॅटरहॉर्नची पहिली चढाई १४ जुलै १८६५ रोजी झाली. त्याआधीचे बहुतेक प्रयत्न इटलीच्या बाजूने झाले होते, कारण झेरमाटहून समोर दिसणारी पूर्व भिंत जवळजवळ उभी भासते. ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर यांनी खडकाच्या थरांचा कल पाहिला. थर पूर्वेकडून पश्चिमेकडे खाली झुकलेले आहेत; त्यामुळे इटलीच्या बाजूला पाय घसरतील अशा उतरत्या कडा तयार होतात, तर झेरमाटच्या बाजूला आत झुकलेल्या पायऱ्या मिळतात. बाजूने पाहिल्यास ही भिंत वाटते तितकी उभी नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. झेरमाटच्या बाजूच्या हॉर्न्ली धारेने गेलेले व्हिंपर यांच्यासह सात जण दुपारी पावणेदोनच्या सुमारास माथ्यावर पोहोचले.

अपघात उतरताना झाला. दोरावरचा क्रम असा होता : शामोनीचे गाइड मिशेल क्रो, डग्लस हॅडो, चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, झेरमाटचे गाइड थोरले पीटर टाउगवाल्डर, व्हिंपर आणि टाउगवाल्डर यांचे पुत्र धाकटे पीटर. हॅडो एकोणीस वर्षांचे आणि अननुभवी होते. क्रो बर्फाची कुऱ्हाड बाजूला ठेवून त्यांची पावले एकेक करून खडकावर टेकवून देत होते. हॅडो घसरून क्रो यांच्यावर आदळले. त्या हिसक्याने हडसन आणि डग्लस ओढले गेले. डग्लस व थोरले पीटर यांच्यामधला दोर तुटला आणि चौघे उत्तरेकडच्या हिमनदीवर कोसळले. तुकडीजवळ तीन प्रकारचे दोर होते. तुटला तो त्यांतला सर्वांत जुना आणि कमजोर. जाडजूड दोर जवळ असताना नेमका हा का बांधला गेला, हाच चौकशीचा कळीचा मुद्दा होता. थोरले टाउगवाल्डर निर्दोष ठरले, पण संशय त्यांना आयुष्यभर चिकटून राहिला, आणि तो अन्यायच होता. डग्लस यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. दोराचा तुकडा गावातील मॅटरहॉर्न संग्रहालयात आहे. पहिल्या चढाईनंतर तीनच दिवसांनी इटालियन गाइड जाँ-आंत्वान कारेल यांनी इटलीच्या बाजूने शिखर गाठले. १८७१ मध्ये लूसी वॉकर या माथ्यावर पोहोचलेल्या पहिल्या महिला ठरल्या. उत्तर भिंत १९३१ मध्ये फ्रान्झ आणि टोनी श्मिड या भावांनी सर केली.

हॉर्न्ली धार आजही नेहमीची वाट आहे. लिफ्टने श्वार्झझे (२,५८३ मी.) गाठून सुमारे दोन तास चालले की हॉर्न्ली हट (३,२६० मी.) लागते. तिथून माथा सुमारे १,२०० मी. वर. हंगाम साधारण मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर. भिंतीवर ताजा बर्फ असेल तर गाइड निघत नाहीत. चढाई बहुतांशी तिसऱ्या श्रेणीची आहे, म्हणजे एकेक टप्पा सोपाच. कस लागतो तो लांबीचा. एक गाइड एकाच आरोहकाला नेतो आणि दोघे आखूड दोरावर एकत्र सरकतात. प्रत्येक टप्प्यावर थांबून बिले देत (दोर धरून साथीदाराला सांभाळत) बसले तर दिवस पुरत नाही. म्हणून गाइड आधी रिफेलहॉर्न, पोलुक्स किंवा ब्राइटहॉर्नच्या धारेवर आरोहकाची परीक्षा घेतात.

पहाटे हटमागच्या पहिल्याच दोर लावलेल्या कड्यापाशी रांग लागते. गाइडविना आलेले अंधारात हमखास वाट चुकतात आणि डावीकडे पूर्व भिंतीत उतरतात. तिथला खडक सुटा असल्याने वरच्यांच्या पायांखालून दगड येतात. धार सोडू नये हाच नियम. सोल्वे हट (४,००३ मी.) १९१५ मध्ये बांधलेला निवारा आहे, पण फक्त संकटकाळासाठी, मुक्काम धरून निघणे चूक. सुमारे तीन तासांत सोल्वे गाठता आला नाही तर तिथूनच मागे फिरावे. त्यावर पर्वताच्या ‘खांद्या’पाशी बहुधा क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे) चढवावे लागतात, आणि पुढे जाड कायमचे दोर आहेत. ते हातांनी ओढत चढले की दंड लवकर भरून येतात. वजन पायांवरच हवे. उतरायला चढण्याइतकाच, अनेकदा अधिक वेळ लागतो. थकलेले पाय आणि दुपारची वादळे एकदमच गाठतात, म्हणून माथ्यावर रेंगाळू नये. १८६५ पासून या पर्वतावर पाचशेहून अधिक जणांचा जीव गेला आहे.

२००३ च्या उन्हाळ्यात धारेचा भाग ढासळला आणि आरोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. भेगांतला कायमचा बर्फ वितळला की खडकांना धरून ठेवणारी पकड सुटते. २००८ पासून या धारेवर बसवलेले संवेदक तापमान आणि भेगांची हालचाल नोंदवत आहेत. बचावकार्य १९६८ मध्ये स्थापन झालेली ‘एअर झेरमाट’ ही संस्था करते.

नवख्यांसाठी ब्राइटहॉर्न (४,१६४ मी.) योग्य. केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत नेते आणि तिथून दोनेक तासांत माथा येतो. मात्र गावातून थेट वर आल्यास विरळ हवेने डोके दुखते, मळमळते. आदली रात्र उंचावरच्या हटमध्ये काढलेली बरी. पठारावर बर्फाखाली भेगा दडलेल्या असल्याने सपाट चालीतही दोर बांधलेलाच असावा, आणि धुके उतरले की पावलांच्या खुणा पुसण्याआधीच परत फिरावे.